आधी सडा, मग झाडू

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २६ वर्षांची. शिल्पकलेचं शिक्षण झाल्यावर गेली तीन वर्षं पेण तालुक्यात मामांच्या गणपतीच्या कारखान्यात काम करते. ओतकाम, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी, सगळं येतं. दोन हंगामांपासून खोकला आहे. मावसबहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेली तेव्हा तो थांबला, परत आल्यावर पुन्हा सुरू. स्प्रेच्या खोलीत तासाभरात डोकं जड होतं, गरगरतं. तिने स्वतःच्या पैशांनी सगळ्यांसाठी एन-९५ मास्क आणले, ते चार दिवसांत हनुवटीवर आले. मामा म्हणतात, “आमच्या तीन पिढ्या यातच गेल्या, कुणाला काय झालं?” मुंबईत एका स्टुडिओत फायबर आणि थर्माकोलच्या शिल्पांचं काम मिळतंय. तिथे सगळं नीट असेल असं तिला वाटतं, पण ऐन हंगामात मामांना सोडणं जिवावर येतं. तिचा प्रश्न: “मावशी, मी सहन करू की सोडू?”

तू मला मावशी म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तूगंच करते. मी २२ वर्षं मातीकाम शिकवलं, आता घरच्या पडवीत चाक फिरवते. त्यामुळे तुझ्या पत्रातला वास मला इथपर्यंत आला.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मास्कपाशी अडकले, दुसऱ्यांदा एका कंसापाशी. तू लिहितेस, “(मामांचा धाकटा सातवीत आहे, पण आखणी काय सुंदर करतो! कुंचला जिभेवर फिरवून असं टोक काढतो की मलाही जमत नाही.)” त्या कंसाकडे मी नंतर येते, पण तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते तेच.

आधी तुझा प्रश्न. सहन करू की सोडू, असं विचारताना तू कारखाना म्हणजे एकच मोठा धोका धरून चालली आहेस. मला तिथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात: धूळ, थिनरची वाफ, आग आणि पोटात जाणारा रंग. चौघींवरचे उपाय निराळे. एकीचा उपाय दुसरीला लावला की काय होतं, ते तुझ्या मास्कनी दाखवलंच आहे.

कामगार मास्क काढतात म्हणून तू चिडलीस. आषाढाचे दिवस, चारी बाजूंनी निळी ताडपत्री, मूर्ती वाळाव्यात म्हणून लावलेले हॅलोजन, आणि त्यात आठ तास एन-९५. मीसुद्धा दुपारच्या आत काढून ठेवला असता. शिवाय स्प्रेच्या खोलीत त्याचा तसाही उपयोग नव्हता. एन-९५ धुळीचे कण अडवतो, थिनरची वाफ मात्र चाळणीतून पाणी जावं तशी सरळ आत येते. मास्क लावूनही माणसाला गरगरणार आणि मग तो म्हणणार, “बघ, काही फायदा नाही.” त्याचं चुकलं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

माझी आजी सडा टाकल्याशिवाय अंगण झाडत नसे. आधी धूळ उठूच द्यायची नाही, मग केर काढायचा, आणि एवढं करूनही उडालीच तर पदर नाकाला. आपण कारखान्यात पदरापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

आता तुमच्याकडे धूळ नेमकी कधी उठते ते बघ. सकाळी दारातून उन्हाची तिरीप आत येते, तेव्हा हातातलं काम ठेवून नुसती बघत उभी राहा. घमेल्यात पीओपी ओतताना पांढरा लोट उठतो, तो सगळ्यांनाच दिसतो. पण त्यानंतर कुणीतरी रिकामी गोणी दोन्ही कोपरे धरून झटकतो आणि काखेत दाबून तिची घडी घालतो, तेव्हा उठतो तो त्याहून मोठा, आणि अगदी नाकासमोर. गोणी झटकायचीच नाही. तोंड आत मुडपून जमिनीवर ठेवायची आणि सावकाश गुंडाळायची. ओतताना आधी घमेल्यात पाणी घ्यायचं, मग पावडर वाटीवाटीने, वाटी पाण्याला जवळजवळ टेकवून. याला एक पैसा लागत नाही. उद्यापासून होईल.

घासकाम जास्त अवघड आहे. कडकडीत वाळलेली मूर्ती कोरड्या पॉलिश पेपरने घासली की पीठ पडणारच. ती ओलसर असतानाच साच्याच्या जोडाची रेघ ओल्या स्पंजने पुसली आणि राहिलेलं वॉटर पेपरने पाणी लावून घासलं, तर तेच पीठ चिखल होऊन बादलीत जातं. मामा म्हणतील, पावसात मूर्ती पुन्हा ओली केली तर वाळायची कधी? त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच हा बदल आत्ता करायचा नाही. पुढच्या वर्षी घासकाम मेअखेर उरकायचं आणि पावसाळ्याला फक्त रंग ठेवायचा, असं वेळापत्रक लावावं लागेल. यंदा जे उरलंय ते पडवीत, वारा बाजूने येईल असं बसून, एन-९५ लावून आणि तासातासाची पाळी करून. तासभर मास्क कुणीही सोसतो. संध्याकाळी केर काढताना कोरडा झाडू बंद, ओलं गोणपाट फिरवायचं. छताचा पंखा तेवढा वेळ बंद, नाहीतर बसलेली धूळ पुन्हा उठते.

घासायला कोण बसतं, हेही बघ. तूच लिहिलंयस, वाडीवरच्या बायका. सगळ्यात कमी मजुरी आणि सगळ्यात जास्त धूळ त्यांच्या वाट्याला. तुला सोडून जायला मुंबई तरी आहे.

आणखी एक. “मामांना शाडूकडे वळवलं की प्रश्नच मिटेल,” असं तू म्हणतेस. नदीचा मिटेल बाई, फुप्फुसाचा नाही. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. त्याची धूळ डोळे, नाक, घसा खवखवून सोडते. शाडू ही माती, आणि मातीत थोडीफार स्फटिकरूप सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, असतेच. ओली असेपर्यंत ती गरीब गाय. वाळलेली घासली की जो कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो, तो चार-पाच मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगतो. वर्षानुवर्षं साठत गेला की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार. तो बरा करणारं औषध नाही, वर क्षयाचा धोका वाढतो. गुजरातेत खंभातला अकीक नावाचा दगड घासणारे कारागीर आणि मध्य प्रदेशात मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर यांनी हे भोगलंय. अकीक म्हणजे जवळपास शुद्ध सिलिकाच, शाडूचं तसं नाही, तेव्हा उगाच धास्ती घेऊ नकोस. शाडूचं काम जरूर करा. फक्त ती ओलीच हाताळा.

आता स्प्रेची खोली. गरगरणं म्हणजे थिनर चढणं, दुसरं काही नाही. “सवय होते” असं तुला सगळे सांगत असतील. सवय नाकाला होते. थोड्या वेळाने वास यायचा थांबतो, वाफ तेवढीच असते आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडं ती मुकाट्याने झेलत असतात. डोकं जड झालं की गन खाली ठेवायची आणि बाहेर जायचं, मग ऑर्डर कितीही घाईची असो.

इथला सडा डब्यातच आहे: पाण्यात मिसळणारे रंग. त्यांचाही तुषार उडतो, पण त्याला एन-९५ पुरतो. चकाकीसाठी शेवटचा हात थिनरचाच हवा असेल तर तो उघडीप पडेल त्या दिवशी, बाहेर. गन धरणाऱ्याला अर्ध्या चेहऱ्याचा, कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क हवा. दाढीवर तो घट्ट बसत नाही. आत वास यायला लागला की कार्ट्रिज बदलायची. आणि काम झाल्यावर मास्क झाकणाच्या डब्यात ठेवायचा. खिळ्याला टांगून ठेवला तर तो कोळसा रात्रभर खोलीतली वाफ पीत बसतो आणि सकाळी नुसती शोभा.

हवा कुठून येते, कुठे जाते हे कळायला एक अगरबत्ती पुरते. थिनरचे डबे बंद करून बाहेर ठेव, खोली तासभर सताड उघडी सोड आणि मग जिथे उभी राहून स्प्रे करतेस तिथे अगरबत्ती धर. धूर तुझ्या तोंडाकडे वळला तर तुझी जागा चुकली आहे. ताजी हवा पाठीमागून यायला हवी, समोर मूर्ती आणि मूर्तीच्या पलीकडे, साधारण कमरेच्या उंचीवर, बाहेर जायची वाट. बहुतेक कारखान्यांत एक्झॉस्ट छताजवळ बसवलेला असतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. वरचा पंखा तिला आधी तुझ्या नाकासमोरून ओढून नेतो.

आणि त्या साध्या पंख्याच्या मोटारीत ठिणगी पडू शकते. ताडपत्री, काथ्या, पॅकिंगचा पेंढा, थिनरने भिजलेल्या चिंध्या, जवळच कुणाची बिडी. मला पुढचं लिहवत नाही. दिवसाला लागेल तेवढंच थिनर आत आणायचं, बाकीचं आणि कॉम्प्रेसर बाहेर. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. थिनर मारतात त्या ठिकाणी फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणाऱ्या मोटारीचाच पंखा, नाहीतर सरळ उघड्यावर काम. एबीसी पावडरचा अग्निशामक दाराशी टांगायचा. आतल्या कोपऱ्यात टांगला तर आगीतून जाऊन आणावा लागेल. ओल्या कोब्यावर अनवाणी माणसं आणि एक्स्टेन्शन बोर्ड अशी जोडी असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारी कळ, याच आठवड्यात बसवून घे.

आता तो कंस. ओठांनी कुंचल्याचं टोक काढायला शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना मुद्दाम शिकवत असत. रंगात रेडियम होतं, कित्येकींचे जबडे झिजून गेले. तुमच्या रंगात रेडियम नाही हे मलाही कळतं. पण काय आहे, ते तुला माहीत आहे का? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, असा केंद्राचा २०१६ चा नियम आहे, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. बाजारातून सुटी आणलेली ती पिवळी नाहीतर केशरी पुडी उलटून बघ. तिच्यावर घटक छापलेत? क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. जुना, खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. सोनेरी पावडर बहुधा तांबं आणि जस्त. यातलं तुमच्या वाटीत काय आहे ते कळेपर्यंत तोंडात काहीच जाता कामा नये, आणि लहान मुलाच्या तर नाहीच. वाढत्या मेंदूला थोडंसं शिसंही बाधतं. पोटातल्या बाळालाही, म्हणून दिवस असलेल्या किंवा बाळाचा विचार करत असलेल्या कुणीही सुटी पुडी आणि थिनर या दोन्हींपासून लांबच राहावं.

तीच गोष्ट भाकरीची. कामाच्या फळीवर भाकरी ठेवायची नाही. हात साबणाने, नखांखालूनही. मी वर्षानुवर्षं थिनरने हात धुतले, झटकन निघतं म्हणून. उजव्या हाताच्या बोटांना अजून भेगा पडतात, लिंबू पिळताना आठवण येते. खोबरेल चोळून रंग सैल करायचा आणि मग साबण लावायचा, तेवढंच पुरतं. कामाचे कपडे कारखान्यातच उतरवून जायचं.

मामांच्या तीन पिढ्यांबद्दल बोलायला हवं, कारण उत्तर दिल्याशिवाय ते पुढे ऐकणार नाहीत. पण वाद घालून नको. त्यांनाच विचार, “मामा, आजोबा कसे करायचे?” ते स्वतःच सांगतील: ओली माती, हातातला कुंचला, चार महिन्यांचं काम, दारं उघडी. रबरी साचे, पीओपीच्या गोणी, स्प्रे गन, बारमाही काम, हे बरंचसं मामांच्या डोळ्यांदेखत आलंय. तीन पिढ्यांचा धंदा खरा, पण या पद्धतीची ही जेमतेम पहिली-दुसरी पिढी. आणि “कुणाला काय झालं” हे मोजताना जे आज कामावर आहेत तेच मोजले जातात. दम लागला म्हणून घरी बसला तो हिशेबातून गेला. त्याला म्हातारपण म्हणून झालं.

मग मुंबई. तिथे सगळं नीट असेल, हे तू कशावरून धरलंस? फायबरच्या कामातला तो गोडसर उग्र वास रेझिनमधल्या स्टायरिनचा असतो, साधा मास्क त्यालाही अडवत नाही. कटरने फायबर कापताना काचेचा भुगा उडतो, गरम तारेने थर्माकोल कापताना धूर होतो. तुला शिकवलं असेलच, तरी सांगते: रेझिन घट्ट व्हायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पुरतं ढवळून घ्यायचं, हार्डनर त्यानंतर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच क्षणी डोळा वाहत्या पाण्याखाली, किमान १५ मिनिटं, आणि मग दवाखाना. म्हणून तिथे जायचंच ठरलं तर ऑफिसात बसून होकार देऊ नकोस. काम चालू असताना ती खोली बघ. बाहेर हवा कुठून जाते, डबे कुठे खातात, डोळा धुवायला नळ किती पावलांवर आहे, एवढं विचार. उत्तर देणाऱ्याच्या तोंडावरूनच कळेल.

माझं मत विचारशील तर हा हंगाम काढ, पण स्प्रेच्या खोलीत पाय ठेवू नकोस. आखणी आणि ओतकाम घे, ते तुझं जमतंही छान. मामांशी तब्येतीची भाषा बोलू नकोस, फिनिशिंगची बोल. ओल्या रंगावर बसलेली धूळ म्हणजे मूर्तीच्या गालावर उठलेले दाणे. तो दाणा खरवडून पुन्हा हात मारायला किती वेळ जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? “शंभर मूर्ती माझ्या पद्धतीने करून बघू,” एवढंच माग, आणि तेही अनंत चतुर्दशी झाल्यावर. श्रावणात कारखानदाराला नवीन काही सांगू नये. शंभर मूर्तींनंतरही ते ढिम्म हलले नाहीत, तर मुंबईच काय, कुठेही जा, आणि मनाला लावून घेऊ नकोस.

खोकल्याचं मात्र हंगाम संपेपर्यंत थांबायचं नाही. लग्नाच्या आठ दिवसांत तो थांबला, ही मोठी खूण आहे आणि ती तू ओझरती लिहिली आहेस. छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुंकर मारायची चाचणी आणि एक्स-रे करून घे, आणि त्यांनी विचारो न विचारो, काम काय करतेस ते सविस्तर सांग. कामामुळे होणाऱ्या आजारांवर रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहिलं, त्यात चित्रकार आणि कुंभारही होते. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं त्याने वैद्यांना तेव्हाच सांगून ठेवलंय. तरी तुझ्या डॉक्टरांनी दोन वर्षं नुसतं खोकल्याचं औषध दिलं. दम लागत असेल, थुंकीतून रक्त, बारीक ताप किंवा वजन घटणं यातलं काही असेल, तर उद्याच जा.

ज्यांचा कारखाना नाही, घरातल्या एका खोलीत हौस आहे, अशांची पत्रं नेहमी येतात म्हणून दोन ओळी. तैलरंग करणाऱ्यांनो, जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेटते, काडी लागत नाही. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. रेझिनचं काम झोपायच्या खोलीत नको. आणि हाताचा ठसा घ्यायला पीओपीत हात बुडवू नका. घट्ट होताना ते चांगलंच तापतं आणि हात आत अडकतो. २००७ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका शाळेत १६ वर्षांच्या मुलीची बहुतेक बोटं अशीच गेली.

यातली मोठी कामं हंगामानंतर झाली तरी चालतील. धाकट्याला मात्र आज संध्याकाळीच एक छोटी वाटी आणि ओल्या स्पंजचा तुकडा दे. कुंचला स्पंजवर फिरवत फिरवत ओढला की टोक जिभेपेक्षा बारीक निघतं, करून दाखव त्याला. हात चांगला आहे त्याचा, दोन दिवसांत शिकेल.